आत्याला घंटी ऐकू येत नाही

प्रिय बंडू,

सप्रेम जय ख्रिस्त.

दोन वर्षं झाली तुला लिहून. फोन लावावा असं कैकदा वाटलं, पण हे फोनवर बोलणं होणार नाही, आणि आपल्यात जे झालं त्यानंतर सुरुवात कुठून करावी तेही सुचत नव्हतं. आज वावरात आहे. या आठवड्यात लाईन रात्रीची, दहाला येईल म्हणतात. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे, तोवर बॅटरीच्या उजेडात लिहितो. आईची शुगर आहे तशीच, माझी कंबर बरी, कापसाची दुसरी वेचणी चालू. घरचं एवढंच.

घंटीवाली आत्या नऊ रविवार उपासनेला आली नाही, आणि मला ते कळलं नाही.

वर्गणीची पाकिटं माझ्याकडे येतात. तिचंही यायचं, महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस रुपये, शेजारच्या पोराच्या हातून. मी वहीत नाव शोधलं, आकडा लिहिला, खूण केली. पुढच्या महिन्यात परत केली. पाकीट आलं म्हणजे आत्या आली, असंच डोक्यात. तिसरं पाकीट घेऊन आलेलं पोरगं मात्र जागचं हललं नाही. म्हणे, "काका, आत्यानं इचारलं, चर्च बंद झालं का? घंटी आयकू येत नाई."

तुला माहीत नसेल, मागच्या वर्षी स्पीकर बसवला. ठरल्या वेळी मशीन आपोआप घंटेचा आवाज लावतं. दोरी झिजली होती, आत्याचे हात थकले होते, तिचा त्रास वाचेल म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. तिला कोणी विचारलं नाही. भोंग्याचं तोंड डांबरी रस्त्याकडे आणि तिचं घर मागे, नाल्याच्या अंगाला. चाळीस वर्षं ती दोरी ओढली त्या बाईनं. नाताळच्या रात्री आपण दोघं दोरीला लटकलो आणि अख्खं गाव आग लागली म्हणून धावून आलं, आठवतं? धपाटा तुला बसला, आणि तू तो अजून माझ्या खात्यावर मांडतोस.

उपासना सुटल्यावर तसाच गेलो. खाटेवर पडून होती. न्हाणीत पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून टेकवत नाही. म्हटलं, "आत्या, सांगायचं नाही का?" म्हणाली, "कोणाले सांगू बाप्पा? तुमी सारे हॉलाच्या कामात." टोमणा नव्हता रे. खरंच तसं वाटत होतं तिला.

खाटेशेजारी पितळी थाळी झाकून ठेवलेली. भाकर, तुरीचं वरण, हिरवा ठेचा. शेजारीण रोज वेचणीला जायच्या आधी आणून ठेवते. ते पोरगं तिचंच. आपल्या चर्चची पायरी ती बाई आजवर चढलेली नाही. नऊ आठवडे ती भाकर नेत होती आणि मी पाकिटावर खुणा करत होतो. याच आत्याच्या चुलीपुढे यवतमाळच्या सेमिनरीतली, पाळक व्हायला शिकणारी पोरं पंगत मांडून बसायची. १९८३ ला सेमिनरी पुण्याला गेली, तरी कोणी जुना विद्यार्थी भेटला की आधी तिच्या झुणक्याचं विचारतो.

तिथे बसल्या बसल्या तू आठवलास, आणि ते कोहळं.

कोहळं तिचंच होतं, कुडावरच्या वेलाचं. कापणीच्या सणाच्या लिलावात दोन घरांनी ईर्ष्येनं ३१०० रुपयांपर्यंत नेलं. लोक टाळ्या वाजवत होते, आकडे मी पुकारत होतो. तू उठून ओरडलास, "जिचं कोहळं आहे तिच्या घरी चूल पेटते का, ते विचारा कोणी!" आणि 'ही मंडळी नाही, कमिटी आहे' म्हणून तबला तसाच टाकून गेलास. मी प्रोसिडिंगात लिहिलं, 'एका सभासदाने कार्यक्रमात व्यत्यय आणला.' तुझं नाव टाळलं आणि त्यालाच मैत्री समजलो. बंडू, माफ कर. परवा ते पान काढलं. खाली तारीख घालून लिहिलं की तो सभासद खरं बोलत होता, सही केली आणि बैठकीत वाचून दाखवलं. दोघं भडकले. भडकू दे.

कवी ना. वा. टिळकांवरून आपण किती रात्री घालवल्या! तू म्हणायचास, नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत ज्याच्या हाती नवा करार पडला त्या माणसानं १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका पंगतीत. मी म्हणायचो, १९१९ ला ते गेले, मग दरबाराचं काय राहिलं? टिकते ती रजिस्टर झालेली मंडळी. ती थाळी पाहिल्यावर हा मुद्दा माझ्या तोंडून परत निघायचा नाही.

त्या रात्री बायबलातलं पहिलं करिंथ, पौलाचं पत्र, काढलं. पवित्र भोजनाला पाळकसाहेब अकरावा अध्याय दर वेळी २३व्या वचनापासून वाचतात. मी १७ पासून वाचला. पौल तिथे किती रागावला आहे! तुम्ही जमता, पण जो तो आपलंच जेवण आधी उरकतो, एक भुकेला राहतो, एक पिऊन मस्त होतो, ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता. भाकर मोडण्याची वचनं त्या रागातूनच पुढे येतात. आपण राग वगळतो, भाकर तेवढी घेतो.

पण कमिटी मुळातच वाईट, हे तुझं मी अजून मानणार नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय बघ. मंडळीतलं पहिलं गाऱ्हाणं विधवांच्या रोजच्या जेवणाचंच. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वाढपात सुटत होत्या. मग सात माणसं निवडली. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक! ज्यांच्या बाया उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच हाती वाढप दिलं. आपल्याकडे 'भेट समिती' नेमली, तर तीच जुनी नावं, माझ्यासकट. नाल्याकडच्या वस्तीतलं एकही नाही. मी माझं नाव मागे घेतलं, तिकडच्या दोन बायांची सुचवली. पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. मी सोडणार नाही.

एक झालं. मागच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी डबे आणून एकत्र जेवायचं ठरवलं. एकत्र कसलं, जुन्या वस्तीचे इकडे, नाल्याकडचे तिकडे, डब्यांची झाकणं आपापल्या माणसांपुढे उघडलेली. पाळकसाहेबांच्या बाई काही बोलल्या नाहीत. टोपलं घेऊन फिरल्या, प्रत्येकाच्या भाकरी त्यात टाकून घेतल्या आणि वाढायला लागल्या. कोणाची भाकर कोणाच्या ताटात, कळेना. एक वडीलधारे हात धुऊन न जेवता निघून गेले. बाकीचे जेवले, पण बोलले कमीच. मला रात्रभर झोप नाही. पुढच्या वेळी किती येतील? चार घरं कमी झाली तर? आणि येऊन नुसते भाकरी खाऊन गेले, एकमेकांच्या दारी गेलेच नाहीत तर? हे तुझ्याशिवाय कोणाशी बोलू?

घंटेला नवी दोरी आणली, नायलॉनची. आत्याला अजून चालवत नाही, म्हणून शेजारणीचं पोरगं वाजवतं. आत्या खाटेवरून ऐकते आणि म्हणते, "आग लागल्यावानी वाजोते पोट्टं."

तुझ्या पोरीचं बारावीचं कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? थंडी वाढली, दम्याचा पंप खिशात ठेवत जा.

लाईन आली, मोटर धरली. तुझा तबला मी घरी आणून ठेवलाय, गवसणी नवीन शिवली. सण जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे. आत्या दोनदा विचारून झाली, "तबल्यावाला येते का आता?" तिला काय सांगू?

तुझा,
बाळू