किल्ली मीच लपवली

हिरावाडी, नाशिक, रात्रीचे ३.१०

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या उशीखाली ठेवतोय. झोपून उठलीस की वाच, आधी नको.

संध्याकाळी हॉस्पिटलला नाइटसाठी निघालीस ती माझ्याकडे न बघता रिक्षाने गेलीस. "नोकरी सोड" हे मी बोललो ते मागे घेतो. स्कूटरच्या किल्लीचं मागे घेत नाही.

पार्किंगमध्ये गाडी पडली म्हणालीस. पार्किंगमध्ये पडलेल्या गाडीला पिवळाकाळा रंग लागत नाही गं. पायदानाखाली दुभाजकाचा रंग वीतभर घासलाय आणि मडगार्डचा तुकडा उडालाय. जागा माणूस शेवटच्या क्षणाला तरी हँडल ओढतो, ओरखडा वाकडा येतो. तुझा सरळ आहे, पट्टीने ओढल्यासारखा. ३२ वर्षं एसटी चालवली मी, मला हे कळतं. द्वारका चौकाच्या आधीच झालं ना? सकाळी साडेआठला तिथे किती ट्रक असतात!

असो. त्यावर बोलणार नव्हतो.

तुझी आई म्हणते डब्याचं बोल. परवाचा डबा तसाच परत आला. पोळ्या कडक, मेथीला वास सुटलेला. तळाशी शेंगदाण्याच्या चटणीची पुडीसुद्धा तशीच, दोरा न सोडलेली. बारा तास पोटात चहाच? पेशंटच्या सलाईनचा थेंब थेंब मोजता आणि स्वतः पाणी प्यायचं विसरता. बाथरूमचा नळ अर्धा तास चालू होता तेही आईने ऐकलंय. चार नंबर बेडवरचा तो मुलगा गेला, एवढंच तू सांगितलंस. आम्ही पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? मला कळत नाही. आमच्याकडे कोणाची गाडी ठोकली की डेपोतला ट्रॅफिक कंट्रोलर पहिल्यांदा लॉगशीट मागायचा, पण कँटीनवाला न सांगता चहा आणून ठेवायचा. तुमच्याकडे असं कोणी चहा ठेवणारं आहे का?

शेजारच्या वहिनींना झोप लागत नव्हती, तेव्हा १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तूच लिहून दिला होतास. फुकट आहे, मराठीतही बोलतात, हेही तूच सांगितलंस. तो नंबर सिस्टर लोकांना चालत नाही असं कुठे लिहिलंय?

बघ, सुरू झालं माझं लेक्चर. माफ कर.

नर्सिंगचा तो दिवा लावायचा, शपथेचा कार्यक्रम आठवतो? मी ड्युटीवरून थेट आलो होतो, खाकीतच, म्हणून मागे भिंतीशी उभा राहिलो. तुम्ही सगळ्याजणी पांढऱ्या कपड्यांत, हातात दिवे, शपथ म्हणत होतात. त्यात तुझा आवाज मला ओळखू आला नाही, म्हणून आईवर चिडलो की मधेमधे बोलतेस कशाला. २०२१च्या एप्रिलमध्ये तू पीपीई किट घालून उभी असायचीस आणि मी इथे गॅलरीत. गल्लीतले लोक "तुमची मंजू" म्हणायचे तेव्हा छाती फुगायची आणि त्याच वेळी पोटात गोळा यायचा. अजूनही तसंच होतं.

तू रागात म्हणालीस, "रिलीव्हर आली नाही तर पेशंट सोडून कशी येऊ?" आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर, हे तू नर्सिंगला असताना मला पाठ करून दाखवायचीस. आता तुझ्याकडे तीन. त्यावर डबल ड्यूटी. लागोपाठ चौथी नाइट. पण तुझं ते वाक्य ऐकून मी गप्प झालो, कारण ते माझंच वाक्य आहे.

हे आईलाही माहीत नाही. १९९९चा हिवाळा, धुळ्याहून येणारी रातराणी. आदल्या दिवशीची फेरी करून आलो होतो आणि डेपोत ड्रायव्हर नव्हता. कायद्याने आठ तास, पण मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायची लाज वाटायची, आपण म्हणजे पक्के ड्रायव्हर! राहुड घाट पार केला, ओला टॉवेल मानेवर, बडीशेप तोंडात. घाटात जागाच असतो माणूस. चांदवड मागे पडलं, सरळ रस्ता लागला आणि मी झोपेत गेलो. डोळे उघडे होते, मंजू. उघड्या डोळ्यांनी गेलो. कंडक्टर ओरडला तेव्हा डावी चाकं मातीत होती. मागे ४१ माणसं झोपलेली, त्यातलं एकही उठलं नाही. मी गाडी बाजूला घेतली, "टायर बघतो" म्हणून उतरलो आणि टायरपाशी ओकलो. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस.

तेव्हापासून मला माहीत आहे की झोप घाटात येत नाही, घर जवळ आलं की येते. तुझ्याही वॉर्डात पहाटे काही होणार नाही. औषधं बरोबर देशील, पुढच्या सिस्टरला ओव्हर नीट देशील. होईल ते द्वारकेला.

म्हणून आजपासून सकाळी मी गेटवर. स्कूटरवर मागे बसून झोपलीस तर पडशील, तेव्हा आबाची रिक्षा महिन्याने ठरवली आहे. पैशाचं बोलू नकोस. मी नसेन त्या दिवशी निघण्याआधी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं आडवी हो, हसू देत कोणी हसलं तर. पहाटे चारनंतर चहा नको, घरी येऊन टक्क जागी राहतेस. तुझ्या खोलीला आईच्या जुन्या काळ्या चादरीचा पडदा केलाय. दिसायला वाईट आहे, पण दुपारी बाराला आत काही दिसत नाही, मी झोपून पाहिलं.

इनचार्ज सिस्टरशी चौथ्या नाइटचं तू बोल. मी येऊन बोलणार नाही, घाबरू नकोस. यावंसं वाटतं, पण येणार नाही.

पाच वाजत आले. आई उठली आहे, भाकरी टाकतेय. आबाला हाक मारून येतो.

तुझे,
अण्णा

ता. क. मडगार्ड नवीन बसवून आणलं. किल्ली फ्रिजवरच्या गणपतीमागे आहे. दिवसपाळीला ने.