मंगळ सौम्य कसा होतो

संपादक महोदय,

साहित्यातल्या मोहात पडलेल्या नायकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. रूप दिसलं की विवेक हरतो, असं लेखकाचं म्हणणं. मी काही साहित्याची अभ्यासक नाही. पण नारायण पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळात २२ वर्षं टेबलामागे बसले आहे आणि मला दिसलं ते वेगळंच. विवेक हरत नाही, तो पक्षांतर करतो.

‘शाकुंतला’चा पहिला अंक काढून बघा. झाडाआडून शकुंतला दिसल्यावर दुष्यंताची बुद्धी बंद पडते का? छे! क्षत्रियाला ही आश्रमकन्या चालेल का, हा प्रश्न त्याला रीतसर पडतो. निकालही तोच देतो: माझं आर्य मन हिच्यावर जडलं, त्या अर्थी ही क्षत्रियाला योग्यच असणार, संशयाच्या जागी सज्जनांना अंतःकरणाचा कौल प्रमाण. पक्षकार, वकील आणि न्यायाधीश, तिन्ही एकच!

आमच्याकडे हे रोज फाइलीत घडतं. आधी फोटो, मग गुणमेलन. फोटो नावडला आणि ३६ पैकी किमान १८ ऐवजी १७ गुण जुळले, तर ‘शास्त्राबाहेर कशाला जा’ म्हणून स्थळ परत. आवडला, तर त्याच घरचे लोक दुसरा ज्योतिषी गाठतात. एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच निघाली तर ‘नक्षत्राचा चरण वेगळा आहे ना’, मंगळ निघाला तर ‘सौम्य आहे हो’. या मंडळींची बुद्धी जेवढी त्या आठवड्यात चालते, तेवढी एरवी वर्षभर चालत नसेल.

लेखात ‘मृच्छकटिका’तल्या शकारालाही, म्हणजे राजाच्या त्या मूर्ख मेहुण्यालाही, वसंतसेनेच्या रूपाने वेडं केलं म्हटलंय. अहो, ‘रामाला भ्यालेल्या द्रौपदीसारखी पळतेस काय’ असं विचारणाऱ्याकडे गमवायला बुद्धी होती कुठे?

आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. ‘अवघे पाऊणशे वयमान’ असलेल्या भुजंगनाथाला आपण १८९९ पासून हसतोय. पण म्हाताऱ्याच्या एकट्याच्या मोहाने लग्न ठरत नाही. त्याला पैशाला भुललेला मुलीचा बाप कांचनभट लागतो, आणि मध्ये लग्न जुळवणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित लागतो. मी दीक्षिताच्याच खुर्चीत बसते, त्यामुळे ते नाटक मला पूर्वीसारखं हसत पाहता येत नाही.

जाता जाता, माझ्या स्वतःच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ आहे. १९७४ साली आमच्या ह्यांनी, म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाने, तीन ज्योतिषी केले. तिसऱ्याने ‘सौम्य’ असं लिहून दिलेला कागद अजून कपाटात आहे. पहिल्या दोघांनी काय लिहिलं होतं, ते मात्र हे अजूनही सांगत नाहीत.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे ३०