ओव्हर घ्यायला मी वेळेवर पोहोचेन का?

बदलापूर,
14 सप्टेंबर 2025

प्रिय शैला,

स. न. वि. वि.

तुझे फेब्रुवारीतले पत्र माझ्या युनिफॉर्मच्या कपाटात सात महिने तसेच आहे. कपाट उघडले की ते दिसते आणि मी दार लावून घेते, याची मला मनापासून लाज वाटते. मेमध्ये तुझ्या नणंदेच्या लग्नालाही मी आले नाही आणि न येण्याचे कारणही धड कळवले नाही. तू रागावली असशील तर तो राग योग्यच आहे. पण आज जे लिहायचे आहे ते तुझ्याशिवाय कोणाला लिहिता येणार नाही, आणि फोनवर बोलावे तर या दोन खोल्यांत भिंतीलाही कान आहेत. इकडे सर्व ठीक आहे, आईंचे गुडघे तसेच आहेत आणि माझे हिमोग्लोबिन आता 11 वर आले आहे.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयातून मला नेमणुकीचे पत्र आले आहे. हृदयरोगाचा अतिदक्षता विभाग, कायम जागा, पगार 36 हजार. इथल्या नर्सिंग होममध्ये मला 17 हजार मिळतात आणि त्यात मी प्रसूती बघते, ड्रेसिंग करते, औषधांच्या काउंटरवर बसते आणि डॉक्टर नसतील तेव्हा बिलेही फाडते. घरापासून चालत नऊ मिनिटे लागतात, एवढेच एक सुख. शैला, पैशांसाठीच जायचे असते तर मी कधीच ठरवून मोकळी झाले असते. मला पुन्हा मॉनिटरसमोर उभे राहायचे आहे. आपण शिकलो त्यातले निम्मे मी इथे विसरत चालले आहे, आणि चाळिशीनंतर असे बोलावणे पुन्हा येणार नाही हे मला पक्के ठाऊक आहे.

अडचण आहे ती जाण्यायेण्याची. बदलापूर ते परळ हे अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. लोक म्हणतात, त्यात काय, अर्धे बदलापूर रोज मुंबईला जाते. हे खरे आहे. पण अर्धे बदलापूर सकाळी सात वाजता ओव्हर घ्यायला, म्हणजे रात्रीच्या सिस्टरकडून पेशंट आपल्या हाती घ्यायला, उभे राहत नाही. कचेरीत जाणारा माणूस अर्धा तास उशिरा पोहोचला तर त्याच्या नावापुढे तांबडी खूण पडते. मी अर्धा तास उशिरा पोहोचले तर रात्रभर जागलेली कोणीतरी सिस्टर माझी वाट बघत पेशंटपाशी अडकून पडणार, कारण रिलीव्हर आल्याशिवाय तिला वॉर्ड सोडता येत नाही. तिलाही कुठेतरी लांबच जायचे असेल.

म्हणून मी ऑगस्टमध्ये सलग तीन दिवसांची रजा घेतली आणि ड्यूटी असल्यासारखी जाऊन आले. ह्यांना वाटले, माझे डोके फिरले. पिंकी म्हणाली, "आई, तू लोकलमध्येच राहायला जाणार असशील तर माझी कपाटाची बाजू मोठी होईल." तिच्या या बोलण्यावर आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पहिल्या दिवशी सकाळची पाळी धरली. पावणेचारला उठले, डबे भरले, साडेचारला रिक्षा केली. पाचच्या आतली गाडी, दादरला उतरून धीमी गाडी पकडली आणि 6 वाजून 42 मिनिटांनी फाटकाशी उभी राहिले. म्हणजे दारापासून दारापर्यंत दोन तास बारा मिनिटे. सरासरी दोन तास धरले तरी जाऊन येऊन रोज चार तास होतात. महिन्याच्या 26 दिवसांचे 104 तास, म्हणजे आठ तासांच्या 13 ड्यूट्या. वर्षाला 300 दिवस धरले तर 1,200 तास, म्हणजे 50 पूर्ण दिवस आणि 50 पूर्ण रात्री मी रुळांवर असणार. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा ह्यांनी वही मिटली आणि काही बोलले नाहीत.

त्या पहाटेच्या डब्यात गर्दी बेताची होती. तरीही अंबरनाथच्या काही बायका उलट्या बदलापूरला येऊन जागा धरून बसलेल्या होत्या आणि मला चौथी सीट मिळाली. समोर नेरळची एक सिस्टर होती. तिच्या पायांतल्या पांढऱ्या बुटांवरून मी तिला ओळखले. ती अकरा वर्षे शीवला जाते. तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. जून ते सप्टेंबर लॉकरमध्ये एक कोरडा युनिफॉर्म आणि मोज्यांचा जोड ठेवायचा. आणि नाइटच्या आठवड्यात लालबागला तिघी-चौघी मिळून कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्याने, जागा घेतात, तशी बघून ठेवायची. एवढे सांगून तिने डोळे मिटले आणि कुर्ला यायच्या मिनिटभर आधी आपोआप उघडले. तिच्या घोट्यांवर मोज्यांच्या काठाचे खोल वळ होते. ते वळ बघून मला आपल्या वॉर्ड नंबर चारच्या इन्चार्ज बाई आठवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची पाळी धरली. ड्यूटी संपल्यावर ओव्हर देऊन निघाल्यासारखी 9 वाजून 25 मिनिटांनी रुग्णालयाच्या फाटकातून निघाले. विठ्ठलवाडीच्या पुढे गाडी वीस मिनिटे अंधारात उभी राहिली. कल्याणपर्यंत रूळ जास्त आहेत, पण कल्याणच्या पुढे बदलापूरकडे अजून दोनच मार्ग आहेत. त्याच दोन मार्गांवरून आमच्या लोकल, पुण्याकडच्या मेल आणि मालगाड्या जातात आणि एक अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचे काम चालू आहे. ह्यांचे म्हणणे असे की तोवर धीर धर. पण मला उत्तर 22 तारखेला द्यायचे आहे, मार्ग होईपर्यंत थांबता येणार नाही. घरी पोहोचायला बारा वाजायला पाच मिनिटे उरली होती.

आणि तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा सकाळची पाळी धरली. ड्यूटी लिस्टमध्ये संध्याकाळनंतर लगेच सकाळ येते, हे तुला सांगायला नको. मिरजेला आपण ती हसतखेळत काढत होतो, कारण वसतिगृह जिन्याच्या पलीकडे होते. इथे रात्री बाराला पोहोचून पावणेचारला उठायचे. मी जेमतेम तीन तास झोपले असेन.

आता जे लिहिते ते मी ह्यांनाही सांगितलेले नाही. त्या तीन दिवसांसाठी मी एका कागदावर सलाइनच्या थेंबांची पाच गणिते लिहून नेली होती. फाटकाबाहेर बाकावर बसायचे आणि ती सोडवायची, असे ठरवले होते. आकडे रोज थोडे बदलत होते, रीत तीच. पहिल्या दिवशी पाचही बरोबर आली. 500 मिलिलिटर आठ तासांत, मिलिलिटरला वीस थेंबांचा सेट, मिनिटाला 21 थेंब, हे तर बोटांनाच पाठ आहे. तिसऱ्या दिवशी चौथे गणित मायक्रो ड्रिपचे होते. 100 मिलिलिटर चार तासांत, साठ थेंबांचा सेट. मी साठऐवजी वीस धरले आणि मिनिटाला 25 ऐवजी 8 थेंब लिहून मोकळी झाले. मला शंकासुद्धा आली नाही. कागद घडी करून पर्समध्ये टाकला, चहा घेतला, आणि संध्याकाळी घरी ताडून बघताना ती चूक दिसली. पेशंटला चार तासांत जे जायला हवे होते ते साडेबारा तासांत गेले असते. अतिदक्षता विभागात ते औषध कोणते असते हे तुला माहीत आहे.

त्या क्षणी माझ्या उजव्या मनगटावर तुझी बोटे मला जाणवली, शैला. खरेच जाणवली. 2006 ची दिवाळी. मी रात्रभर यष्टीत बसून गावाहून आले होते आणि तोंड धुऊन तशीच ड्यूटीवर उभी राहिले. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर भरायचे होते आणि माझ्या हातात पोटॅशियम क्लोराइडचा अँप्यूल होता. तोच आकार, तेच दहा मिलिलिटर, तसाच पारदर्शक. औषध घेताना, भरताना आणि ठेवताना असे तीनदा नाव वाचायचे हे मला पाठ होते, आणि मी तीनदा वाचले होते असेच मला वाटत होते. तू काही न बोलता माझे मनगट धरलेस. खाटेवर ती विट्याची मावशी होती, जी आपल्या दोघींना "पोरींनो" म्हणायची. ते औषध सरळ शिरेत गेले असते तर तिचे हृदय तिथल्या तिथे थांबले असते.

त्यानंतर आपण चार दिवस बोललो नाही. तू म्हणत होतीस, इन्चार्जच्या वहीत नोंद कर. मी म्हणत होते, घडलेच नाही तर नोंद कशाची? मी तुला काय काय बोलले ते मला आठवते आणि तुलाही आठवत असेल. आज एकोणीस वर्षांनी लेखी कबूल करते की तुझेच बरोबर होते. पाचव्या दिवशी तू पोटॅशियमचे अँप्यूल वेगळ्या डब्यात काढून त्याला लाल पट्टी चिकटवलीस आणि मला जेवायला हाक मारलीस. त्या दिवशी मेसमध्ये भाकरी हातात धरून तू बसल्या बसल्या झोपलीस आणि वैजूने तुझ्या भाकरीवरचा ठेचा खाऊन टाकला, तेव्हा कुठे आपण तिघी पुन्हा हसलो.

म्हणून मला प्रश्न पडतो तो पिंकीच्या दहावीचा किंवा आईंच्या औषधांचा नाही. त्याची सोय होईल, ह्यांची पाळी अंबरनाथला असते आणि ते स्वयंपाकही करतात. नणंद म्हणते, जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर गाडीतून पडून माणसे गेली, तुला दिसत नाही का? मला दिसते, आणि दारात उभे राहायचे नाही हे मी ठरवलेच आहे. माझी भीती वेगळी आहे. चार तासांचा प्रवास माझ्या झोपेतून जाईल असे सगळे धरून चालतात. मला वाटते, त्यातला काही भाग खाटेवरच्या माणसाच्या वाट्यातून जाईल, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

पावसाचे तर निराळेच. 27 जुलै 2019 ला आपली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले होते. तू त्या दिवशी फोनवर रडत होतीस, कारण तुझा भाऊ नेहमी त्याच गाडीने यायचा. त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यातून चालत नर्सिंग होममध्ये गेले आणि दोन बाळंतपणे झाली. परळला नोकरी असती तर मी घरात बसून राहिले असते, किंवा परळला अडकून तिसरी पाळी उभी राहून काढली असती.

उपाय मी शोधले नाहीत असे नाही. नाइटच्या आठवड्यात लालबागची कॉट घेता येईल, भाडे परवडेल. संध्याकाळनंतर लगेच सकाळ देऊ नका, अशी विनंती मेट्रनबाईंना रुजू होण्याआधीच लेखी करता येईल. त्या मान्य करतील की "तुझ्या एकटीसाठी लिस्ट बदलू का?" म्हणतील, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. ह्यांनी डोंबिवलीला भाड्याने राहू असेही सुचवले, पण हे घर आईंच्या पैशांतून घेतलेले आहे आणि तो विषय निघाला की त्या जेवणावरून उठतात. माझे मन असे सांगते की लेखी होकार मिळाला तर जावे, नाही मिळाला तर जाऊ नये. पण हेच मन त्या दिवशी "तीनदा वाचले" म्हणत होते, म्हणून मी त्याच्यावर एकटीने विसंबत नाही.

तुझी बदली सांगलीला झाली हे अलकाकडून कळले, फार बरे झाले. विनायकला बारावीत चांगले गुण पडले त्याबद्दल त्याला माझे आशीर्वाद सांग आणि पुढे कुठे प्रवेश घेतला ते कळव. तुझ्या वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का?

आणि वडिलांवरूनच विचारते. माझी बाजू घेऊन उत्तर देऊ नकोस. संध्याकाळची पाळी करून, तीन तास झोपून, दोन तास उभी राहून मी सकाळी सातला वॉर्डात आले आणि त्या खाटेवर तुझे वडील असले, तर तू त्यांची सलाइन मला लावू देशील का? तू "हो" म्हणालीस तर मी जाईन. तू "नाही" म्हणालीस तर मी पुन्हा चार दिवस अबोला धरणार नाही, एवढे वचन देते.

सोबत तो तिसऱ्या दिवशीचा कागद पाठवत आहे. चौथे गणित खोडलेले नाही, तसेच ठेवले आहे. पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळावे. फोन दुपारी चार ते सहाच्या मध्ये कर, तेव्हा आई देवळात असतात आणि मी घरात एकटी असते.

तुझी,
रेखा