मी अनुमोदन दिलंच नव्हतं

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली शेतकरी बाई. 2010 ते 2015 अशी पाच वर्षं आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य होते. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. गेल्या मंगळवारी मला माहिती अधिकारात 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, नक्कल मिळाली. त्यात आमच्या माळावर खडी क्रशरला ना हरकत दिल्याचा ठराव आहे. शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलंय आणि अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

त्या सभेत क्रशरच्या विरोधात सगळ्यात आधी उठून मीच बोलले होते. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. दीडशेच्या आसपास माणसं होती, त्यात साठ-सत्तर तरी बायका. मी म्हणाले, माळाखाली आमच्या तीन विहिरी आहेत, शाळा चारशे पावलांवर आहे, इथे सुरुंग नकोत. हात वर करायला सांगितलं. विरोधात इतके हात वर गेले की मोजायची गरजच पडली नाही. सरपंच म्हणाले, "ठीक आहे, नामंजूर." टाळ्या वाजल्या आणि आम्ही घरी आलो.

आता नक्कल बघितल्यावर मी मूळ वही बघायला मागितली. झेरॉक्सवर शाई कळत नाही. वहीत पहिले चार विषय निळ्या शाईने, सुटसुटीत अक्षरात आहेत. पाचवा काळ्या शाईने. अक्षर बारीक, ओळी एकमेकींवर चढलेल्या, आणि शेवटची ओळ सरपंचांच्या सहीच्या शेपटीला चिकटलेली. म्हणजे सही आधी झाली, ठराव नंतर आला. मोकळी जागा राखून ठेवलेली होती. आमच्या सह्या तर त्याहून आधीच्या. पटांगणात शिरतानाच हजेरीच्या कागदावर घेतलेल्या.

मी सदस्य होते, त्यामुळे हे काम कसं चालतं ते मला माहीत आहे. सात दिवस आधी नोटीस, दवंडी, विषयपत्रिका. आधी मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करायचं, मग विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, मतं, ठराव क्रमांक. कोरम म्हणजे 15 टक्के मतदार किंवा 100, जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! सकाळी माणसं जमू द्यायची नाहीत आणि पुढच्या आठवड्यात वीस जणांत हवं ते मंजूर करायचं, ही वाट मी डोळ्यांनी बघितली आहे. यंदा ती वाट बंद झाली, कारण आम्ही बायका घरोघर फिरून माणसं गोळा केली होती. म्हणून मग मागून वहीतच ठराव घुसवला.

जूनमध्ये माळावर मोजणीची गाडी दिसली, तेव्हा आम्ही पंधराजणी तालुक्याला गेलो होतो. तिथले साहेब म्हणाले, "ताई, ग्रामसभा नको म्हणाली तर कुणाच्या बापाचं काही चालत नाही. निर्धास्त जा." निर्धास्त आलो. परवा नक्कल घेऊन त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, "प्रोसिडिंगला आहे ते खरं धरावं लागतं." मी समोर उभी होते. नाही म्हणणारं तोंड समोर असताना त्यांनी वही खरी धरली.

क्रशर दसऱ्यानंतर सुरू झाला. दुपारी साडेबाराला सुरुंग उडतो. पहिल्या दिवशी सासूबाई जेवायला बसल्या होत्या, त्यांच्या हातातली वाटी कलंडली. त्यांना आधीच दमा. आता रात्रभर उशी पाठीशी लावून बसलेल्या असतात, आणि मी त्यांच्या शेजारी. आमची सव्वा एकर डाळिंबाची बाग माळाच्या पायथ्याला आहे. मृग बहाराचं फळ काढायला आलं होतं. व्यापाऱ्याने एक फळ हातात घेतलं, अंगठ्याने पुसलं, अंगठा पांढरा झाला. काही न बोलता त्याने तो मला दाखवला आणि किलोमागे पंधरा रुपये कमी केले. यंदा टँकरच्या पाण्यावर ही बाग जगवली होती, साहेब. गळ्यातलं गहाण ठेवून. ते सोडवायचं कशातून? आणि गावात काही जण मलाच विचारतात, "काकू, अनुमोदन तर तुम्हीच दिलं म्हणे, किती मिळाले?" हे ऐकून मी दोन दिवस चावडीवरून गेले नाही. मागच्या आळीने जाते.

राज्यात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती आहेत. वर्षाला चार ग्रामसभा धरल्या तर लाखाच्या वर सभा होतात. त्यातल्या किती वह्यांत अशी जागा राखलेली असेल? एकदा तरी कुणी उघडून बघितलं का?

आमच्याच जिल्ह्याने 1943 पासून पत्री सरकार चालवलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या काळात इंग्रजांच्या कचेऱ्या सोडून गावोगावच्या न्यायदान मंडळांपुढे लोक आपली भांडणं नेत होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही तेव्हा साताऱ्यातच होता. याच मातीतल्या यशवंतरावांच्या सरकारने 1961 चा जिल्हा परिषदेचा कायदा केला. 73 वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. मग पुढे काय झालं? सरपंच थेट जनतेतून निवडायचा, असं 2017 मध्ये ठरलं, 2020 मध्ये रद्द झालं, 2022 मध्ये परत आलं. जिल्हा परिषदेची मुदत 2022 ला संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकच होता. 2024 मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. केंद्राने 2025 मध्ये 'सभासार' आणलं, सभेचं रेकॉर्डिंग दिलं की इतिवृत्त आपोआप तयार होतं म्हणे. आमच्या सभेत रेकॉर्डिंग केलंच नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. कोल्हापूरच्या हेरवाडने 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तर शासनाने परिपत्रक काढून तो राज्यभर पाठवला. फार चांगलं केलं. पण गाव एखाद्या धंद्याला नको म्हणतं, तेव्हा तो ठराव तालुक्यापर्यंत का पोचत नाही? ज्यात कुणाचा पैसा अडकलेला नाही, तेवढेच ठराव गावाचे का?

माझं मागणं थोडकं आहे. हा ठराव रद्द करा, आणि वहीतल्या शाईची तपासणी होईपर्यंत क्रशर थांबवा. ग्रामसभा उठण्याआधी प्रत्येक ठराव सभेसमोर मोठ्याने वाचायचा, उरलेल्या जागेवर तिथल्या तिथे रेघ मारायची, आणि गावकऱ्यांच्या सह्या त्यानंतर घ्यायच्या, असा आदेश काढा. याला निधी लागत नाही. एक पट्टी आणि पेन लागतं.

26 जानेवारीला पुन्हा ग्रामसभा आहे. हजेरीच्या कागदावर मी आधी सही करणार नाही. मला गैरहजर धरलं तरी चालेल, मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. माझ्याबरोबर येणाऱ्या सत्तर बायकांनीही तेच ठरवलंय. आपलं उत्तर त्याआधी आलं तर ते मी सभेत वाचून दाखवीन.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
जि. सातारा