पिवळं पान आधी उलटून बघ

प्रिय अभय,

फोटो पाहिले. हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी, कॅस्केड जातीची वेल, पहिलंच वर्ष, पोर्टलंडचा भिजका मे महिना आणि पिवळी पानं. पान पिवळं दिसलं की खताकडे जाणारा हात आधी आवर. पिवळं पडलेलं पान खालचं आहे की शेंड्याचं आणि त्याच्या पाठीवर काय आहे, एवढं बघ. अर्धं निदान तिथेच होतं.

खालची जुनी पानं सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी. जुन्याच पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. तसंच शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसलं तर लोह. बहुतेकदा लोह मातीत असतंच, पण मातीचा सामू (पीएच) ७.५ च्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून आधी सामू मोज. हॉप्सला ६ ते ७ मानवतो.

तुझ्या कुंडीत मात्र मला पाण्याचाच संशय आहे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपस. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पहिल्या वर्षी मुळं थोडी. ती गुदमरली की पानं पिवळी पडून लोंबतात, आणि आपण तहान समजून अजून एक बादली ओततो.

खरी धास्ती डाऊनीची, म्हणजे ओलाव्यात फोफावणाऱ्या डाऊनी मिल्ड्यू रोगाची. नावं आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेतलीच, भुरी आणि डाऊनी, पण रोगजंतू वेगळे. हॉप्सची डाऊनी ही काकडीच्या डाऊनीची जवळची भाऊबंद. बुडाशी एखादा फुटवा खुजा, फिकट, पेरं आखडलेली, पानं खाली वळलेली आणि हाताला ठिसूळ लागला, तर ती आलीच म्हणून समज. पानावरचे डाग शिरांपाशी अडतात, म्हणून कोनदार दिसतात. पाठीवर करडी-काळसर लव येते. खात्री नसेल तर पान ओल्या टिश्यूसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेव, सकाळी लव उठलेली दिसेल. असा फुटवा मातीच्या जरा खालून काढून थेट कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नको.

भुरीचे ठिपके पांढरे, पिठूळ, बोटाने पुसले जाणारे. गंधक तिच्यावर चालतं, डाऊनीवर नाही. नर्सरीतून गंधकाचा डबा उचलण्याआधी हे लक्षात ठेव. आणि ३० अंशांच्या वर ऊन असताना ते फवारलंस तर पानंच करपतील.

जुलैत ऊन तापलं की कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, येईल. पानाखाली पांढरा कागद धरून टपली मार. पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. पान चिकट आणि मुरडलेलं असेल तर मावा. शेजारी प्लमचं झाड आहे का बघ, माव्याची अंडी थंडी तिथेच काढतात. दोन्हींवर पानांच्या पाठीवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मार, पण डाऊनी नाही याची खात्री करूनच. वेल ओली ठेवणं डाऊनीला फार आवडतं.

पुढचा फोटो पानाच्या पाठीचा पाठव, जवळून. आणि कुंडीच्या बुडाला भोक आहे ना, तेही दाखव.

तुझा,
मिलिंद