रविवारच्या स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) फेरीआधी: ओल्या हिमस्खलनाबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

रविवारी पहाटे ५ वाजता पायथ्याच्या पार्किंगमध्ये जमायचं आहे. दुपारी १२ च्या आत सगळे उतारांवरून खाली हवेत. वेळ मुद्दाम लवकरची ठेवली आहे. रात्री गोठलेला बर्फ सकाळी घट्ट असतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, थरांची पकड सुटते आणि अख्खा उतार घसरू शकतो. ओला बर्फ हळू सरकतो, पण फार जड असतो आणि थांबला की काँक्रीटसारखा आवळतो.

रात्री आकाश ढगाळ राहिलं किंवा पाऊस झाला, तर बर्फ नीट गोठत नाही. तसं झालं तर फेरी रद्द. कृपया आग्रह धरू नका.

– ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधण्यासाठी संकेत देणारं-घेणारं यंत्र) चालू करून अंगावरच बांधा. प्रोब (बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी) आणि फावडं पाठीवरच्या पिशवीत, गाडीवर नको.
– ३० अंशांहून तीव्र उतारावर एका वेळी एकच गाडी. कोणाची अडकली तर दुसऱ्याने मदतीला वर जायचं नाही.
– उताराखाली थांबू नका.
– बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसले किंवा पाय घोट्याच्या वर रुतू लागला, तर तिथूनच मागे फिरा.

पूर्वेकडचे उतार सर्वांत आधी तापतात, तिकडे विशेष जपा.

ट्रान्सीव्हरची बॅटरी शनिवारी रात्रीच तपासा.