आधी बघ, मग ऐक

सोलापूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटं मिळाली, वहिनी आणि छकुलीही येणार, हे वाचून फार बरं वाटलं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ऑडिओ गाइड, म्हणजे कानात माहिती सांगणारं यंत्र, घेऊन बघायचं हा तुझा बेत मला मनापासून पटला. घोळक्यामागे धावत बघण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण ते वापरायची एक रीत आहे.

गाडी मुंबईला सकाळी लवकर पोचते आणि संग्रहालय उघडतं सव्वादहाला. मोठ्या बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, तेव्हा कुलपं इथूनच न्या. नाश्ता उरकून फोर्टातून चालत काळा घोड्याला या. दार उघडताच आत शिरलात तर पहिला तास शांत मिळेल. शाळांच्या सहली आल्या की घुमटाखाली आवाज घुमतो आणि कानातलं निवेदन त्यात बुडून जातं.

गाइडची चौकशी तिकीट खिडकीवरच कर, ओळखपत्र हाताशी ठेव. यंत्र मिळालं की तिथेच उभं राहून भाषा मराठी लागली आहे ना, बॅटरी किती आहे, आवाज कमी-जास्त होतो का, हे बघून घे. माणशी एक घ्या; एकाच यंत्रात दोघांनी कान घातले की दोघांचंही लक्ष वस्तूवर राहत नाही. मोबाइलवर ऐकणार असाल तर वायरचे इअरफोन आणि पॉवर बँक न्या. जाड दगडी भिंतींच्या आत नेटवर्कवर विसंबू नका, जे डाउनलोड होईल ते बाहेरच करून घ्या.

वस्तूच्या पाटीजवळ आकडा असतो, तो दाबला की निवेदन सुरू होतं. कधी आधीचा आकडा पुसला न गेल्याने भलतंच सुरू होतं, तर कधी वस्तू दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेली असते आणि निवेदन तिचंच चालू राहतं. म्हणून पाटीवरचं नाव आणि पहिलं वाक्य जुळतंय का, एवढं बघायचं.

आता मुख्य रीत. आकडा दाबण्याआधी एक मिनिट नुसतं बघायचं. निवेदन सुरू झालं की ते सांगेल तिकडेच डोळा जातो, बाकीचं सुटतं. ऐकून झाल्यावर लगेच पुढे न सरकता पुन्हा एकदा बघायचं. असं केलं तर दिवसाला बारा-पंधरा वस्तू पुष्कळ झाल्या. सगळे आकडे ऐकायच्या नादात पाय भरून येतात आणि वरच्या मजल्यांवर माणूस नुसता चालत राहतो.

आत शिरल्यावर आधी मान वर करा. वास्तुकार जॉर्ज विटेटच्या या इमारतीचा कोनशिला समारंभ 1905 मधला, पण पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी दार उघडलं ते 10 जानेवारी 1922 ला. घुमटाखालची कमानींची गुंफण विजापूरच्या धर्तीची आहे. गोलघुमट तुम्ही पाहिलेलाच आहे, तेव्हा ओळख लगेच पटेल.

शिल्पदालनात कर्नाटकातल्या ऐहोळेच्या ब्रह्मदेवापाशी भरपूर वेळ द्या. चालुक्यांच्या काळातली, साधारण 7व्या शतकातली ही शिळा मुळात मंदिराच्या छतात होती. भक्त तिच्याकडे खालून, मान मागे टाकून बघत. इथे ती आपल्यासमोर उभी आहे. तिन्ही मुखांचा रोख बघ, चौथं मुख पाठीमागे धरायचं. मग कमळावरची बैठक आणि भोवतालचे ऋषी बघ. छकुलीला सांग, ही शिळा डोक्यावर आहे असं समजून बघ. माझ्या मते सगळ्या संग्रहालयात यापेक्षा जवळचं आपल्याला काही नाही. विजापूर, बागलकोट करत गेलं की ऐहोळे येतंच. शेजारीच सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या मूर्ती चुकवू नका.

लघुचित्रांच्या दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात. कागदावरचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून अशा चित्रांवर साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच प्रकाश टाकायची पद्धत आहे. बाहेरच्या उन्हातून थेट तिथे गेलात तर काही दिसणार नाही. दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या, मोबाइलचा टॉर्च अजिबात लावू नका. जम्मूकडच्या बसोहली शैलीचं चित्र दिसलं तर दागिन्यांकडे बघत मान हळूच डावी-उजवीकडे कर. पाचूच्या जागी हिरवे कण लखलखताना दिसले तर ते भुंग्याच्या पंखांचे तुकडे. त्या चित्रकारांची ही खास युक्ती, आणि ती समोरून सरळ बघणाऱ्याला दिसत नाही.

शस्त्रदालनात अकबराचं चिलखत आणि ढाल बघा, टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं वेळ उरला तर. त्याआधी खाली येऊन चहा घ्या. कानांनाही विश्रांती लागते.

निघताना यंत्र परत देऊन ओळखपत्र आठवणीने ताब्यात घे. रात्रीच्या गाडीत टीसी तेच मागणार आहे.

वहिनींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
सुधीर